जुन्या मोटारीचा भाव

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक डॉक्टर राहत असत. २०१३ साली त्यांनी जर्मन बनावटीची एक मोटार नवी कोरी घेतली. तेव्हा तिची किंमत साठ लाखांच्या घरात होती. आम्ही त्या वेळी शाळेत शिकवीत होतो. सायंकाळी फिरायला निघालो की त्यांच्या फाटकापाशी आमची पावले आपोआप मंदावत. मोटारीचा रंग गडद निळा. तिचे दार लागताना होणारा आवाज पत्र्याचा नसे. जाड सागवानी कपाट लागावे तसा तो असे. आमच्या छोट्या मोटारीचे दार दोनदा आपटावे लागे, म्हणूनच की काय, तो आवाज आमच्या विशेष ध्यानात राहिला.

डॉक्टर दर आठवड्यास हुबळीला आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूरला रुग्ण तपासण्यास जात. २०२३ साली ते वारले आणि मोटार अंगणात कापडाखाली उभी राहिली. पुढल्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांच्या पत्नीचा निरोप आला म्हणून आम्ही गेलो. वहिनी म्हणाल्या, "सर, गाडी काढून टाकायची आहे. तुम्ही घेत असाल तर पाच लाखांत देते. मुलगा म्हणतो, कुणालाही दे, पण अंगण मोकळं कर."

त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही, हे येथे कबूल केलेले बरे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आठ लाख रुपये आम्ही मोटारीसाठी वेगळे ठेवले होते. तेवढ्यात एखादी लहानशी नवी मोटार आली असती आणि विषय तेथेच संपला असता. परंतु साठ लाखांची वस्तू पाच लाखांत मिळते आहे, हे वाक्य एकदा मनात शिरले की ते सहजासहजी बाहेर पडत नाही. वास्तविक हे वाक्यच फसवे आहे. साठ लाखांची वस्तू २०१३ साली होती. आता जी विकाऊ होती, ती अकरा वर्षे वापरलेली, एक लाख चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर चाललेली निराळीच वस्तू होती. आमच्या पत्नीने हे फार थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना त्या खोल बैठकीतून उठता येणार आहे का, ते आधी बघा. मग इंजिन बघा."

ज्यांना ज्यांना आम्ही विचारले, ते सारे त्या आकड्याला अडखळले. एक लाख चौऱ्याहत्तर हजार! एका सद्गृहस्थाने सांगितले की बाजारात तशीच, त्याच सालची मोटार आहे, आणि ती फक्त अठ्ठावन्न हजार चालली आहे. आम्ही तीही पाहून आलो. ती दिल्लीकडून आलेली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल मोटारी स्वस्त होऊन इतर राज्यांत येऊ लागल्या. दलालाने साडेनऊ लाख सांगितले. शिवाय ना हरकत प्रमाणपत्र, पुन्हा नोंदणी आणि कर्नाटकाचा आजीवन कर हे सगळे आमच्या माथी. मोटार बाहेरून आरशासारखी लखलखत होती. पण आम्ही चालकाच्या जागी बसलो तेव्हा ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले दिसले. सुकाणूचक्राचे कातडे डाव्या हाताच्या जागी चकाकत होते आणि बैठकीची कड उसवली होती. अठ्ठावन्न हजार किलोमीटरांत पायाने एवढे रबर झिजत नाही. जुन्या सर्व्हिसची बिले मागितली, तर ती "हरवली" होती.

पूर्वी मोटारीचा आकडा मागे फिरवायचा म्हणजे तार सोडवून चक्रे फिरवावी लागत. आता आकडा विजेवर चालतो, आणि तो बदलण्यास एक लहानसे यंत्र व थोडा वेळ पुरतो. अमेरिकेत १९७२ सालापासून असे करणे केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे. तेथेही ते थांबलेले नाही.

याच विषयावर जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि पुढे २००१ साली त्याच कामाबद्दल अकरलॉफ यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. (संपादकांकडून लेख साभार परत आलेल्या आमच्या मित्रांनी एवढे लक्षात ठेवावे.) त्यांचे म्हणणे साधे आहे. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या बहुतेक वाईट मोटारी, आणि मग भाव आणखी खाली येतो. म्हणजे दिल्लीच्या मोटारीचा आकडा ज्याने मागे फिरवला, त्याने केवळ एका गिऱ्हाइकाला फसवले असे नव्हे. वहिनींच्या अंगणातल्या मोटारीचा आकडा खरा होता, आणि आजूबाजूच्या खोट्या आकड्यांमुळे तो खरा आकडाच लोकांना दोष वाटू लागला होता.

मोटारी जाणणारे लोक सांगतात की नुसत्या किलोमीटरांना भिऊ नये. इंजिनाची झीज अधिक होते ती थंड असताना सुरू करताना. हमरस्त्यावर तास दीड तास एका चालीने चाललेले इंजिन गावातल्या गावात फिरणाऱ्या इंजिनापेक्षा सुखात असते. डिझेल मोटारीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती लांबच्या प्रवासात तापून स्वतःला साफ करते, आणि बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या मोटारीत तुंबते. याउलट रबर, प्लास्टिक आणि नळ्या यांना किलोमीटर कळत नाहीत, वर्षे कळतात. मोटार चालो अथवा उभी राहो, ती म्हातारी होतच असते. डॉक्टरांनी प्रत्येक बिल तारखेसह एका फाईलमध्ये लावून ठेवले होते. ती फाईल चाळताना आम्हांला एखाद्या निष्णात माणसाचे दिनवृत्त वाचल्यासारखे वाटले. पन्नास हजारांवर गिअरबॉक्सचे ऑइल बदलले, एक लाखावर पुन्हा बदलले, दीड लाखावर पुन्हा.

उद्यमबागेत आमचे एक जुने विद्यार्थी मोठ्या मोटारींचे काम करतात. त्यांना आम्ही घेऊन गेलो. त्यांनी आदल्या दिवशी मोटार फिरवून आणली, सपाट जागी उभी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन प्रथम काय केले, तर चार बोटे टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत घातली. पुढची उजवी बाजू रात्रीतून दोन बोटे खाली बसली होती. या मोटारीला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. पिशवीला बारीक चीर गेली की हवा हळूहळू निघून जाते. ती भरून काढण्यासाठी कंप्रेसर सतत चालत राहतो आणि एक दिवस तोही जळतो. मग त्यांनी टायरवरचे चार आकडी खूण वाचून दाखवली. ३५१७ म्हणजे २०१७ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. चारही टायर त्याच सुमाराचे. त्यात पुढच्या उजव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता.

"सर, हा टायर आधी काढायचा बघा," ते म्हणाले. "नव्वदच्या वेगात हा फुटला तर गाडी कुठे जाईल सांगता येत नाही."

त्यांनी खर्च लिहून दिला. पुढच्या दोन पिशव्या त्यांच्या दांड्यांसह एक लाख तीस हजार, चार टायर बाहत्तर हजार, ब्रेक, ऑइल आणि बारीकसारीक अठ्ठावन्न हजार. एकूण दोन लाख साठ हजार. त्यानंतर दरवर्षी विम्यासह साधारण लाख सव्वा लाख धरा, असे त्यांनी सांगितले.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण अशी मोटार घेताना बहुतेक लोक चुकतात ते या जागी. मोटारीचा भाव दरवर्षी उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. पाच लाखांत घेतलेली मोटार दुरुस्तीसाठी आत गेली की तिची साठ लाखांची जात वर येते. ज्याच्याजवळ पाच लाख आहेत पण दरवर्षीचे लाख नाहीत, तो मग काय करतो? टायर आणखी वर्षभर चालवतो. मूळ भागाऐवजी नकली बसवतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटू नये म्हणून त्याची तार काढतो, हेही आम्ही ऐकले आहे. आणि अखेर मोटार दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. या वाटेने मोटारीतले प्रत्येक दडवलेले दुखणे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि दरम्यान रस्त्यावरून पायी जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. देखणेपणाची हौस आम्ही पाप मानत नाही. परंतु जी वस्तू आपल्याला नीट राखता येणार नाही ती केवळ मिळते म्हणून घेणे, यात शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. त्याला निव्वळ हौस म्हणता येत नाही.

आम्ही आमचा हिशेब केला. पाच लाख आणि दोन लाख साठ हजार मिळून सात लाख साठ हजार. आठ लाखांत बसत होते. पेन्शनीतून दरमहा दहा हजार बाजूस टाकता येत होते. पत्नीने बैठकीतून उठून पाहिले आणि "जमेल" म्हणाली. म्हणजे सारे जुळले होते.

तेव्हा आमचे विद्यार्थी हात पुसत हळूच म्हणाले, "सर, पाचला कुठे मिळते? अशी फाईल असलेली गाडी, आहे या अवस्थेत, सात-सव्वासातला कोणी पण उचलेल. बाईंना माहीत नाही. तुम्ही काही बोलू नका, उद्याच पैसे देऊन टाका."

आता खरा प्रश्न उभा राहिला. दलालाने आकडा फिरवला तर तो लबाड, हे आम्ही दिल्लीच्या मोटारीपाशी उभे राहून किती ठासून म्हटले होते! येथे मात्र ठाऊक असलेली गोष्ट आमच्या बाजूला होती. आम्ही काही खोटे बोलणार नव्हतो. नुसते गप्प बसणार होतो.

कायदा या बाबतीत आमच्या बाजूचा होता. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे सतरावे कलम कपटाविषयी आहे. तेथे स्पष्ट म्हटले आहे की नुसते मौन हे सामान्यतः कपट होत नाही. उदाहरणे दिली आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. ते कपट नव्हे. दोन व्यापारी सौदा करतात, एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे. त्याने ती सांगितलीच पाहिजे असे नाही. पण याच कलमात आणखी एक उदाहरण आहे, आणि आम्हांला ते पुनःपुन्हा आठवत राहिले. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दोष तोच. नाते बदलले की मौनाचा अर्थ बदलतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांनाही मान्य होते. मग वहिनी आमच्या कोण? लिलावातल्या परक्या, की नात्यातल्या? शेजारी कोण, हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना नवा नाही, आणि त्याचे उत्तर सोयीचे नसते हेही त्यांना ठाऊक आहे.

सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला दिसले आहे. त्याने ते लोकांना सांगावे की चढ्या भावाने विकून मोकळे व्हावे? अँटिपेटर म्हणतो, सांगावे. त्याचा गुरू डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगितले की पुरे. न सांगणे आणि लपवणे एक नव्हे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. त्याच भागात घेणाऱ्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. स्केव्होला नावाच्या रोमन गृहस्थाने एक जमीन विकत घेताना मालकाला एकच शेवटचा भाव सांगायला लावले. भाव ऐकल्यावर तो म्हणाला की माझ्या मते जमिनीचे मोल याहून अधिक आहे, आणि त्याने वर एक लाख नाणी दिली. सिसेरो पुढे लिहितो, हे सज्जनाचे काम होते हे सगळे कबूल करतात, पण शहाण्याचे नव्हे असे म्हणतात. आणि सज्जन निराळा व शहाणा निराळा मानणे हेच साऱ्या अनर्थाचे मूळ आहे.

स्केव्होला श्रीमंत होता. आमच्याजवळ आठ लाख होते. त्यामुळे गप्प बसण्याच्या बाजूने आम्ही बरेच युक्तिवाद शोधले. भाव त्यांनीच सांगितला, आम्ही कोठे पाडला? मुलगा शिकलेला आहे, परदेशात आहे, त्याला चौकशी करता आली असती. जुन्या मोटारीत धोका आहे, तो आम्ही पत्करतो आहोत. हे युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हते. पण त्यांतला एकही आम्हांला वहिनींसमोर बसून मोठ्याने बोलता आला नसता. "वहिनी, या गाडीचे सात लाख येतात हे आम्हांला कळले आहे, पण भाव तुम्ही सांगितलात ना," असे म्हणून पाहा! आमच्या विद्यार्थ्यांच्या देखत गप्प राहिलो असतो, तर ज्याला आम्ही तीन वर्षे गणित शिकवले त्याला आणखी एक गणित शिकवल्यासारखे झाले असते, हेही मनात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि सगळे सांगितले. पिशवी गळते, टायरला फुगा आहे, अडीच लाखांचा खर्च आहे, आणि तरीही बाजारात सात येतील. आम्हांला सव्वापाचच्या पुढे जमणार नाही, हेही सांगितले. वहिनींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "बरं झालं सर, सांगितलंत," म्हणाल्या. "मुलाला विचारते."

दोन दिवस गेले. या दोन दिवसांत आमच्या मनात काय चालले होते ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. वहिनी म्हणतील, "तुम्ही एवढं खरं बोललात, तुम्हांला पाचालाच देते," अशी आम्ही वाट पाहत होतो. नुसती वाटच नव्हे, मनातल्या मनात आम्ही ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकलेही होते. म्हणजे खरे बोलताना आम्ही दोन लाखांवर पाणी सोडले नव्हते. ते दुसऱ्या वाटेने परत येतील असा हिशेब धरला होता. हा हिशेब लक्षात आला तेव्हा आम्हांला मौनापेक्षाही त्याची अधिक लाज वाटली. ज्याचे त्याला सांगितले, एवढेच झाले होते. त्यावर व्याज मिळावे असे कोणी ठरवले होते?

तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलाने दोन ठिकाणी चौकशी केली होती, आणि खानापूर रोडवरच्या एका तरुण ठेकेदाराने सात लाख देऊ केले होते. वहिनींचा आवाज ओशाळलेला होता. "तुम्ही नसतं सांगितलं तर..." एवढे म्हणून त्या थांबल्या. आम्ही म्हटले, त्यांना सातालाच द्या, आणि टायरची गोष्ट तेवढी त्यांना सांगायला विसरू नका. त्यांनी ती सांगितली, असे पुढे कळले. आम्ही महिन्याभराने एक साधी लहान मोटार घेतली. पत्नीला तीत चढउतार सोपे जाते.

डिसेंबरात एकदा काँग्रेस रोडच्या सिग्नलला ती निळी मोटार आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. आमची नजर आधी कोठे गेली असेल ते वाचकांना सांगायला नको. पुढच्या उजव्या टायरचा फुगा तसाच होता, किंबहुना थोडा वाढलेला. आम्ही काच खाली करून हात हलवला. त्या तरुणानेही काच खाली केली. आम्ही टायरकडे बोट दाखवले.

"माहीत आहे हो काका," तो हसून म्हणाला, "पुढच्या महिन्यात बदलणार आहे." सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, तरी आम्ही म्हटले, "पुढच्या महिन्यात नव्हे, आज. आणि तोवर घाटात नेऊ नका." त्याने ऐकले की नाही, ते त्या बंद होणाऱ्या काचेतून कळले नाही.